किंमत का बदलली, ते आधी सांगा

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक आहे. मुलगी पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. करते. तिचा प्रकल्प कांद्याच्या मागणीवर आहे. भाव दहा टक्के वाढला तर खप किती टक्के घटतो, एवढंच तिला काढायचंय. पण तिनं वाचलेल्या तीन अभ्यासांत तीन आकडे आहेत आणि प्रत्येकाचं मॉडेल निराळं. एकात रॉटरडॅम, एकात ‘एड्स’, एकात नुसतं लॉगचं समीकरण. यातलं खरं कोणतं? निवडायचं कसं?

उत्तर : सोनाराचा काटा खरा की भुईकाटा खरा, असं आपण विचारत नाही, तोलायचं काय आहे ते विचारतो. मॉडेलांचंही तसंच आहे, पण तो मुद्दा नंतरचा. त्याआधी एक गोष्ट तपासायला हवी आणि प्रबंधांमध्ये बहुतेक वेळा नेमकी तीच राहून जाते. ज्या आकडेवारीवर अभ्यास उभा आहे, तिच्यात कांद्याचा भाव मुळात बदलला कशामुळे?

वर्षाचं चक्र तुम्हाला सांगायला नको. परतीच्या पावसानं लाल कांदा शेतातच सडला की आवक घटते आणि भाव चढतो. इथं गिऱ्हाइकाची आवड बदललेली नसते. माल कमी आला म्हणून भाव चढला आणि चढ्या भावाला गिऱ्हाईक काय करतं ते आपल्याला बघायला मिळालं. आता दुसरा प्रसंग घ्या. आषाढात कांदेनवमीला भजी, थालीपिठं होतात आणि चातुर्मास लागला की बऱ्याच घरांत कांदा-लसूण बंद. श्रावणात मागणीच ओसरते. त्यामुळे भाव उतरला, तर ‘कमी भावाला कमी खप’ असं उलटं चित्र वहीत उमटतं. हे दोन्ही प्रसंग एकाच आलेखावर टाकून मधून रेघ ओढली, तर ती रेघ मागणीची नसते आणि पुरवठ्याचीही नसते. संगणक मात्र बिनतक्रार एक आकडा काढून देतो, दशांशचिन्हापुढे चार अंकांसकट.

यात थोरामोठ्यांचीही फसगत झाली आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या हेन्री मूर यांनी १९१४ साली अमेरिकेतल्या कच्च्या लोखंडाचे आकडे घेऊन मागणीची रेघ काढली, ती चक्क वर चढणारी निघाली: भाव जास्त तेव्हा खप जास्त. मूर यांनी तो मागणीचा नवाच प्रकार म्हणून मांडला. खरं तर तेजीच्या काळात कारखान्यांना लोखंड जास्त लागत होतं, म्हणून खपही वाढत होता आणि भावही. एल्मर वर्किंग यांनी १९२७ मध्ये हा गोंधळ स्वच्छ उलगडून दाखवला. पुढच्याच वर्षी फिलिप राइट यांनी प्राणिज आणि वनस्पती तेलांवरच्या आयातकराबद्दल एक पुस्तक लिहिलं. त्याच्या एका परिशिष्टात या गोंधळावरचा उपाय आहे. गिऱ्हाइकाच्या इच्छेला हात न लावता फक्त पुरवठा हलवणारी एखादी गोष्ट शोधा, उदाहरणार्थ जवसाचा एकरी उतारा, आणि तिच्यामुळे भावात जेवढी हालचाल झाली तेवढीच मोजायला घ्या. आज जगभर ‘साधन चल’ म्हणून शिकवली जाते ती युक्ती तेलांवरच्या कराबद्दलच्या त्या पुस्तकाच्या शेवटी पडून होती.

ती जवळून बघायची तर न्यूयॉर्कच्या फुल्टन मासळीबाजाराचं उदाहरण घ्यावं. कॅथरिन ग्रॅडी यांनी १९९१-९२ मधल्या तिथल्या व्हायटिंग नावाच्या माशाच्या व्यवहारांची आकडेवारी गोळा केली, १११ दिवसांची. मासा ताजा विकायचा असल्यानं फार दिवस ठेवता येत नाही. आदल्या दोन-तीन दिवसांत समुद्र खवळलेला असला की नावा कमी माल आणतात. न्यूयॉर्कमधल्या माणसाला मासा खावासा वाटणं मात्र खोल समुद्रातल्या लाटांवर अवलंबून नसतं. नुसती भाव आणि विक्रीची सांगड घातली तर लवचीकता साधारण उणे अर्धा येते, म्हणजे भाव दहा टक्के वाढला की खप पाच टक्के घटतो. वादळाच्या आधारानं काढली तर ती उणे एकच्या आसपास जाते. मासा तोच, दिवस तेच, समीकरणही तेच, उत्तर दुप्पट. मॉडेल बदलून इतका फरक क्वचितच पडतो.

गंमत म्हणजे चार्ल्स डॅव्हनंट यांनी १६९९ मध्ये छापलेलं इंग्लंडच्या धान्याचं कोष्टक या कसोटीला बऱ्यापैकी उतरतं. पीक एक दशांश घटलं तर भाव तीन दशांश वाढतो, निम्मं घटलं तर भाव साडेचार पटींनी वाढतो, असं ते कोष्टक सांगतं. त्या वेळी कुठलं मॉडेल नव्हतं. पण भाव हलला तो पिकामुळे, हे त्यात स्पष्ट आहे.

तेव्हा तुमच्या मुलीनं सर्वांत आधी कांदा पिकवणाऱ्या तालुक्यांतला काढणीच्या वेळचा पाऊस हाताशी घ्यावा. निर्यातबंदीचं साधन वापरायचा मोह होईल. डिसेंबर २०२३ पासून मे २०२४ पर्यंत बंदी होती, तारखा पक्क्या आहेत आणि भाव पडल्याचं तुम्ही स्वतः सोसलं असणार. पण सरकार अशी बंदी देशातला भाव बघूनच घालतं. भावामुळे आलेली गोष्ट भावाचं कारण म्हणून वापरली की गणित पुन्हा गोल फिरतं. पावसाला बाजारभाव कळत नाही, म्हणून तो साक्षीदार बरा.

आता तीन अभ्यासांतल्या तीन आकड्यांकडे येऊ. कधी कधी तिन्ही बरोबर असतात, हे तिला कुणी सांगितलेलं नसेल. समजा लासलगावला भाव किलोला दहाचा वीस झाला. हमाली, वाहतूक, अडत, किरकोळ विक्रेत्याचा नफा आणि सडीची तूट मिळून पंधरा रुपये धरले, तर मुंबईत गिऱ्हाइकाला पंचवीसचा पस्तीस पडला. घाऊक भाव शंभर टक्के वाढला, किरकोळ चाळीस टक्के. घरांतला खप आठ टक्के घटला असेल तर किरकोळ भावानं लवचीकता उणे ०.२ येते आणि घाऊक भावानं उणे ०.०८. मागणी एकच, आकडे दोन. कुठल्या पायरीवरचा भाव घेतलाय हे न सांगता दिलेली लवचीकता मी तर वाचायचीच सोडून देतो.

शिवाय बाजार समितीत जे विकलं जातं ते सगळं त्या आठवड्यात खाल्लं जात नाही. उन्हाळ कांदा चाळीत जातो. भाव वाढणार असं वाटलं की व्यापारी चढ्या भावानंही जास्त उचलतो. म्हणजे एप्रिल-मेमधली लासलगावची खरेदी आणि घराघरातली भाजी-कोशिंबीर यांचा थेट संबंध नाही. आठवड्यांचे आकडे घेतले तर साठवणुकीची हालचाल मागणी म्हणून मोजली जाते. वेगवेगळ्या गावांतल्या कुटुंबांची तुलना केली तर लोकांनी भावाप्रमाणे सवयी बदलल्यानंतरचं चित्र मिळतं. पहिलं उत्तर तातडीचं, दुसरं दीर्घ मुदतीचं. ते वेगळं येणारच.

एवढं झाल्यावर मॉडेलाची निवड. नुसतं लॉगचं समीकरण, म्हणजे खपाच्या लॉगची किंमत आणि उत्पन्नाच्या लॉगशी सांगड, हे सर्वांत साधं. त्यात मिळणारा सहगुणक हीच लवचीकता, त्यामुळे वाचायलाही सोपं. दोष असा की सगळ्या वस्तूंसाठी ते वापरलं तर घरखर्चाची बेरीज जुळत नाही. दुधाची उत्पन्न-लवचीकता कायम दीड धरली, तर उत्पन्न वाढत जाता जाता एक दिवस दुधावरचा खर्च उत्पन्नापेक्षाही जास्त होईल.

म्हणून सगळ्या वस्तूंची एकत्र व्यवस्था मांडणारी मॉडेलं आली. रिचर्ड स्टोन यांनी १९५४ मध्ये ब्रिटनच्या आकड्यांवर वापरलेल्या रेषीय खर्च-प्रणालीत माणूस आधी प्रत्येक वस्तू गरजेपुरती घेतो आणि उरलेला पैसा ठराविक प्रमाणात वाटतो. कल्पना देखणी आहे, पण या मॉडेलात उत्पन्न वाढल्यावर कमी घेतली जाणारी वस्तू बसतच नाही. महाराष्ट्रात हातात पैसा आल्यावर ज्वारीची जागा गहू-तांदळानं कशी घेतली, हे ज्यानं पाहिलंय त्यानं हे मॉडेल धान्यासाठी वापरू नये. थाइल आणि बार्टेन यांच्या रॉटरडॅम मॉडेलनं वर्षावर्षातल्या बदलांवर काम केलं. देशाच्या वार्षिक आकड्यांसाठी ते अजूनही वापरात आहे.

मग १९८० मध्ये अँगस डीटन आणि जॉन म्युलबाउअर यांचं ‘जवळपास आदर्श’ मॉडेल आलं. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांमुळे सगळे त्याला ‘एड्स’ म्हणतात. रोगाला ते नाव दोन वर्षांनंतर मिळालं. एकूण खर्चातला प्रत्येक वस्तूचा वाटा घ्यायचा आणि तो किमती नि एकूण खर्चाच्या लॉगशी जोडायचा, एवढंच त्याचं सूत्र. बेरीज आपोआप जुळते, गणित फारसं छळत नाही आणि सिद्धान्ताच्या अटी तपासता येतात. सगळ्या किमती आणि उत्पन्न एकदम दुप्पट झाले तर खरेदी बदलू नये, ही त्यातली एक अट. १९५४ ते १९७४ च्या ब्रिटिश आकड्यांवर लेखकांनी ती तपासली, तेव्हा खर्चाच्या आठ गटांपैकी काहींत ती टिकली नाही, आणि त्यांनी ते झाकलं नाही. १९९७ मध्ये बँक्स, ब्लंडेल आणि ल्युबेल यांनी त्याला वर्गाचं पद जोडलं. त्यामुळे गरिबाला चैन आणि श्रीमंताला गरज वाटणारी वस्तूही मॉडेलात बसू लागली.

पण कांद्यासाठी एवढा सरंजाम लागतो का? माझं मत असं की लागत नाही. घरखर्चात कांद्याचा वाटा एक-दोन टक्के धरला, तर भाव वाढल्यानं माणूस जेवढा ‘गरीब’ होतो तो परिणाम इतका बारीक असतो की सिद्धान्ताच्या अटी लादून हाती फारसं काही येत नाही. पावसाचं साधन नीट लावलेलं साधं लॉगचं समीकरण हे भावाचं कारण न तपासलेल्या वर्गपदी व्यवस्थेपेक्षा कितीतरी भरवशाचं. प्रश्न ‘पुढच्या महिन्यात आवक इतकी झाली तर भाव किती निघेल’ असा असेल, तर समीकरण उलटं करावं: भाव डावीकडे, आवक उजवीकडे. न टिकणारा लाल कांदा बाजारात आला की विकावाच लागतो, तेव्हा जुळवून घेतो तो भाव. आणि प्रश्न ‘डाळ, तेल, साखर यांच्यावरचा कर बदलला तर कोणत्या घराला किती चटका बसेल’ असा असेल, तरच ‘एड्स’ची मंडळी बोलवावीत. तिथं एका वस्तूचा पैसा दुसरीकडे कसा सरकतो हाच मूळ प्रश्न असतो.

एक सावधगिरी घरोघरच्या पाहणीबद्दल. राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंबाला किंमत विचारत नाहीत. किती घेतलं आणि किती रुपयांचं घेतलं ते विचारतात. भागाकार केला की दर मिळतो, पण तो बाजारभाव नव्हे. कोलम खाणाऱ्याचा दर रेशनच्या तांदळापेक्षा जास्त येतो, कारण तो तांदूळच वेगळा. डीटन यांनी १९८८ मध्ये यावर तोडगा काढला: एका गावातल्या सगळ्या घरांना भाव एकच असतो असं मानायचं, गावातल्या गावात दिसणारा फरक हा प्रतीचा आणि गावागावांतला फरक भावाचा. पुढे शंकर सुब्रमणियन यांच्यासोबत त्यांनी आपल्याच ग्रामीण महाराष्ट्राची १९८३ ची आकडेवारी घेतली, ५६३ गावांतली ५,६३० कुटुंबं, आणि १९९६ मध्ये निष्कर्ष छापले. कुटुंबाचा एकूण खर्च दहा टक्के वाढला तर अन्नावरचा खर्च साधारण साडेसात टक्के वाढतो, पण पोटात जाणारे उष्मांक तीन ते पाच टक्केच. उरलेला पैसा महागड्या उष्मांकांवर जातो. खर्च आणि प्रमाण वेगळं मोजलं नसतं, तर हे दिसलंच नसतं. मुलीनं हा लेख जरूर वाचावा. तो गणितापेक्षा मांडणीसाठी वाचण्यासारखा आहे.

प्रश्न : सांगलीत आमचा फरसाणचा छोटा कारखाना आहे. आमच्या भागात तीसेक ब्रँड चालतात. आम्ही भाव वाढवला तर किती गिऱ्हाईक जाईल आणि कुणाकडे जाईल, हे एका सल्लागाराला विचारलं. त्यानं ‘लॉजिट’ नावाचं मॉडेल सुचवलं. विश्वास ठेवावा का?

उत्तर : प्रश्नाचा दुसरा भाग, ‘कुणाकडे जाईल’, त्यात खरी गोम आहे.

तीस ब्रँड म्हणजे प्रत्येकाच्या खपावर तीस किमतींचा परिणाम. एकूण नऊशे आकडे काढायचे. तेवढी माहिती कुणाकडेच नसते. म्हणून वरच्या उत्तरातल्या व्यवस्था इथं कामाच्या नाहीत. वाट वेगळी काढावी लागते: गिऱ्हाईक ‘ब्रँड’ घेत नाही, गुण घेतं असं मानायचं. तिखटपणा, तेल, पाकिटाचं वजन, किंमत. मग नऊशेऐवजी पाच-सहा आकडे पुरतात.

डॅनियल मॅकफॅडन यांनी १९७० च्या दशकात हेच प्रवासासाठी केलं. सॅन फ्रान्सिस्को परिसरात बार्ट ही रेल्वे सुरू होत होती. कामावर जाणारे किती लोक ती वापरतील, याचा अधिकृत अंदाज १५ टक्के होता. मॅकफॅडन यांच्या मंडळींनी गाडी सुरू होण्याआधीच लोकांच्या प्रवासाची माहिती घेतली, त्यावर वेळ, पैसा, चालावं लागणारं अंतर यांचं मॉडेल बसवलं आणि ६.३ टक्के सांगितले. प्रत्यक्षात ६.२ निघाले. एकूण आकडा जुळला तरी कोण चालत स्टेशन गाठेल यासारखे तपशील तितके जुळले नव्हते, हेही लक्षात ठेवा. २००० साली त्यांना नोबेल मिळालं.

साध्या लॉजिटचं दुखणं सांगणारं उदाहरण वर्गावर्गात शिकवतात. निम्मे लोक मोटारीनं जातात, निम्मे लाल बसनं. उद्या तशीच निळी बस सुरू केली. समज असलेला कुणीही म्हणेल, बसचे निम्मे दोन बसमध्ये वाटले जातील, मोटारवाले हलणार नाहीत. लॉजिट म्हणतं, तिघांना एकेक तृतीयांश. कारण त्याच्या हिशेबी सोडून जाणारं गिऱ्हाईक बाकीच्यांच्या सध्याच्या हिश्श्याच्या प्रमाणात वाटलं जातं. तुमच्या बाबतीत अर्थ असा: लसूण शेव महाग केलीत तर सर्वांत जास्त गिऱ्हाईक बाजारातल्या सर्वांत मोठ्या ब्रँडकडे जाईल, मग तो गोडसर चिवडा विकत असला तरी. सल्लागारानं साधं लॉजिट चालवून ‘कुणाकडे जाईल’ याचं कोष्टक दिलं, तर ते कोष्टक तुमच्या आकड्यांतून आलेलं नाही, मॉडेलानं आधीच ठरवून ठेवलेलं आहे.

यावर दोन तोडगे आहेत. एक म्हणजे आधीच गट पाडायचे, शेव वेगळी, चिवडा वेगळा, म्हणजे गटातल्या गटात जास्त सरकासरक होते. दुसरा भारी. बेरी, लेव्हिन्सन आणि पेक्स यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मोटारींच्या १९७१ ते १९९० च्या विक्रीवर तो वापरला. किमतीची झळ प्रत्येकाला सारखी लागत नाही, गुणांची आवडही सारखी नसते, असं त्यांनी मॉडेलातच धरलं. मग महागडी गाडी सोडणारा दुसऱ्या महागड्या गाडीकडेच वळतो, जसा तो खरोखर वळतो. अविव नेव्हो यांनी पुढे हीच पद्धत न्याहारीच्या पाकिटांना लावली. सुपरमार्केटच्या विक्रीचे आकडे हाताशी असलेल्या बड्या कंपनीला हे परवडतं. सांगलीच्या कारखान्याला माझ्या मते नाही, आणि गरजही नाही.

त्यापेक्षा दोन गोष्टी आधी बघा. तुमच्या धंद्यात पाच-दहा रुपयांचं पाकीट ‘महाग’ होतं ते बहुधा छापील किंमत न बदलता, ग्रॅम कमी करून. मॉडेलात छापील किंमत घातली तर वर्षानुवर्षं ती एकच दिसेल आणि खपावर किमतीचा परिणाम शून्य निघेल. दर ग्रॅमचा भाव घालायला हवा. तरी दहाची नोट काढणाऱ्याला ग्रॅम दिसतात का, हा प्रश्न उरतोच. दुसरी गोष्ट ‘काहीच न घेणाऱ्या’ गिऱ्हाइकाची. फरसाण महागलं तर काहीजण दुसरा ब्रँड घेत नाहीत, सरळ भेळ खातात किंवा घरी चिवडा करतात. लॉजिटमध्ये या गटाचा आकार अभ्यासकाला स्वतः ठरवावा लागतो, आणि तो बदलला की सगळे आकडे हलतात. सल्लागाराला पहिला प्रश्न हाच विचारा. तो अडखळला तर पुढचं ऐकायची गरज नाही.

मला विचाराल तर चाळीस-पन्नास दुकानं निवडा, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांत नवा भाव लावा, सहा-आठ आठवडे विक्री मोजा. चिठ्ठीच टाका, ‘जिथं माल खपतो तिथं वाढवू’ असं विक्रेत्याला ठरवू दिलंत तर पहिल्या उत्तरातला श्रावण इथंही घुसेल. दिवाळीचे आठवडे टाळा.

प्रश्न : भाव वाढला की गरीब माणूस ती वस्तू उलट जास्त घेतो, असं पुस्तकात वाचलं. असं खरंच होतं का?

उत्तर : फार क्वचित, पण झालेलं मोजलं आहे. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९५ च्या आवृत्तीत ही कल्पना रॉबर्ट गिफन यांच्या नावावर मांडली. पाव महागला की गरीब कुटुंबाला मांस परवडत नाही, मग पोट भरायला ते पावच जास्त घेतं. पुढची शंभरेक वर्षं अर्थतज्ज्ञ याचा भक्कम दाखला शोधत होते. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी चीनमधल्या गरीब शहरी कुटुंबांपैकी काहींना सोडत पद्धतीनं मुख्य धान्यावर सवलतीची कुपनं दिली आणि २००८ मध्ये निष्कर्ष छापले. हुनान प्रांतात तांदूळ स्वस्त झाला तेव्हा लोकांनी तांदूळ कमी खाल्ला. उत्तरेकडच्या गान्सूमध्ये गव्हाचा पुरावा कच्चा निघाला. अगदी रसातळाच्या घरांत मात्र हे दिसलं नाही: ज्याच्या ताटात तांदळाशिवाय काही नाहीच, त्याला कमी करायला दुसरं काय असणार?

कांद्याबाबत असं होणार नाही. त्यासाठी वस्तू घरखर्चाचा मोठा हिस्सा खाणारी हवी.

प्रश्न : असा अभ्यास स्वतः करून बघायचा तर आकडे मिळतात कुठे?

उत्तर : फुकट मिळतात. घरगुती खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीचे कुटुंबवार आकडे केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवून घेता येतात. बाजार समित्यांची रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण भाव ‘अ‍ॅगमार्कनेट’वर असतात. पावसाचे आकडे हवामान खात्याकडे.

पण आकडे वापरताना जपायला हवं. उत्पन्न वाढतं तसा खर्चातला अन्नाचा वाटा घटतो, हे एर्न्स्ट एंगल यांनी १८५७ मध्ये बेल्जियमच्या कामगार कुटुंबांच्या हिशेबांवरून सांगितलं होतं. आपल्याकडे ग्रामीण भागात हा वाटा १९९९-२००० मध्ये ५९ टक्क्यांच्या घरात होता, २०२२-२३ मध्ये ४६ वर आला. मात्र या दोन आकड्यांमध्ये थेट रेघ ओढू नका. २०२२-२३ पासून प्रश्नावली तीन भागांत विभागली आहे आणि पाहणी करणारा एकाच घरी तीन वेगवेगळ्या महिन्यांत जातो. आधी सगळं एकाच भेटीत विचारलं जाई. एका बैठकीत शेकडो वस्तूंची यादी ऐकून कंटाळलेला माणूस आणि तीन भेटींत थोडं थोडं सांगणारा माणूस वेगळे आकडे सांगतात. आणखी एक : ज्या घरात एखादी वस्तू शून्य लिहिली आहे ती घरं काढून टाकू नका. त्या शून्यामागे ‘आम्ही खातच नाही’, ‘महिन्याभराचं आधीच भरून ठेवलं होतं’ आणि ‘परवडलं नाही’ अशी तीन वेगळी कारणं असू शकतात. यातलं तिसरं वगळलंत तर मागणीवर भावाचा परिणाम हमखास कमी दिसेल.